तीन वस्त्या, चार माणसं आणि आठवड्याचे तास

प्रश्न : आम्ही दोन महिन्यांत मोठ्या शहरात राहायला जातोय. नवऱ्याचं ऑफिस शहराच्या उत्तर टोकाला, रोज जायचं. माझं दक्षिणेला, आठवड्यातून तीन दिवस. मुलगी सहा वर्षांची. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. तीन वस्त्या बघून ठेवल्यात. पहिली शहराच्या मधोमध, जुनी, घरं लहान. तिथून नवऱ्याला ४० मिनिटं, मला ३५, शाळा चालत १० मिनिटं. दुसरी शहराबाहेरची नवी वसाहत. तेवढ्याच भाड्यात एक खोली जास्त, बाग, पोहण्याचा तलाव. पण नवऱ्याला सव्वा तास, मला दीड तास आणि शाळेची बस ४० मिनिटांची. मेट्रो लवकरच येणार म्हणतात. तिसरी नवऱ्याच्या ऑफिसपासून १५ मिनिटांवर, मला मात्र ८० मिनिटं. शाळा चालत १५ मिनिटं. नवऱ्याला दुसरी इतकी आवडलीय की तिथं घर विकतच घेऊ म्हणतो. एजंट म्हणतो आठवडाभरात ठरवा, नाहीतर घरं जातील. कसं ठरवायचं?

उत्तर : आधी आमचं मत सांगून टाकतो. पहिल्या वस्तीत वर्षभर भाड्यानं राहा, तिसरी हाताशी राखून ठेवा आणि दुसरीत इतक्यात काहीही विकत घेऊ नका. हे मत तुम्ही लिहिलेल्या वेळांवर उभं आहे, आणि त्या वेळा बहुधा ॲपवर घरबसल्या बघितलेल्या असाव्यात. त्यामुळे त्या तपासल्याशिवाय आमचंही ऐकू नका.

कागद घ्या आणि आठवड्याची बेरीज मांडा. दिवसाची मांडून चालत नाही, कारण तुमच्या घरात दोघांचे कामाचे दिवस सारखे नाहीत. पतींच्या आठवड्याला १० खेपा, तुमच्या ६. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर मोठ्या माणसाच्या रोज चार खेपा होतात : सोडायला जाणं, परत येणं, आणायला जाणं, परत येणं. म्हणजे आठवड्याला २०. पहिल्या वस्तीत ४०० अधिक २१० अधिक २००, एकूण ८१० मिनिटं, साडेतेरा तास. दुसरीत पतींची ७५०, तुमची ५४० आणि मुलीची बसमधली ४००, एकूण १,६९० मिनिटं. हे झाले अठ्ठावीस तासांच्या वर. तिसरीत १५०, ४८० आणि ३००, म्हणजे ९३० मिनिटं, साडेपंधरा तास.

पहिली आणि दुसरी यांच्यात आठवड्याला साडेचौदा तासांहून जास्त फरक आहे. वर्षाचे ४८ आठवडे धरले तर घरातल्या तिघांचे मिळून ७०० तास. ती जादा खोली आणि तो पोहण्याचा तलाव या ७०० तासांच्या बदल्यात मिळतोय. ही किंमत भाड्याच्या आकड्यात दिसत नाही, म्हणून घरं तुलनेला ठेवली की नेहमी लांबचंच स्वस्त वाटतं.

आता तिसरीकडे बघा. एकूण तास पहिलीपेक्षा दोनच जास्त, म्हणून ती जवळपास सारखीच वाटेल. पण त्यात पतींचा रोजचा प्रवास अर्ध्या तासाचा आणि तुमचा ऑफिसच्या दिवशी दोन तास चाळीस मिनिटांचा. शाळेच्या खेपा कोण करणार हेही अजून ठरलेलं नाही. बेरीज नुसती घराची करून थांबू नका. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे तास लिहा आणि कागद सगळ्यांसमोर ठेवा. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ साली एक निरीक्षण मांडलं होतं : वाहनं बदलली, शहरं पसरली, तरी माणसं दिवसाला सरासरी तासाभराच्या आसपासच प्रवास करतात. तास दोन्हीकडचा मिळून. दुसऱ्या वस्तीत तुमचा हा आकडा तीन तासांवर जातो. असा ताण काही महिने निभतो. आधी झोप कमी होते, मग मुलीबरोबरची संध्याकाळ जाते, आणि मग कुणीतरी नोकरी सोडण्याचा विषय निघतो. तो विषय बहुतेक घरांत बाईच्याच नोकरीपासून सुरू होतो. तुमची नोकरी तुम्हाला टिकवायची असेल, तर ते आज वस्ती निवडताना ठरतंय हे लक्षात घ्या.

वेळा तपासायच्या कशा? ॲप उघडलं की ते त्या क्षणाची वाहतूक दाखवतं. तुम्ही रविवारी दुपारी बघितलं असेल तर तो आकडा निरुपयोगी आहे. निघण्याची वेळ मंगळवार सकाळी साडेआठ अशी टाकून बघा आणि परतीची संध्याकाळी सहाची वेगळी बघा, कारण संध्याकाळचा प्रवास बऱ्याचदा सकाळपेक्षा लांबतो. ॲप ‘५० ते ८० मिनिटं’ असा पट्टा देतं तेव्हा वरचा आकडा घ्या. त्यात घराच्या दारापासून गाडीपर्यंतची वेळ मिळवा : लिफ्टची वाट, आवारातून बाहेर पडणं, पार्किंग शोधणं, ऑफिसच्या इमारतीत वर जाणं. एका बाजूला सात-आठ मिनिटं यातच जातात.

बस किंवा ट्रेन असेल तर थांबण्याची वेळ धरावीच लागते. बस दर बारा मिनिटांनी नेमानं येत असेल तर सरासरी सहा मिनिटं थांबावं लागतं. पण त्याच बस एकदा चार मिनिटांनी, एकदा वीस मिनिटांनी अशा येत असतील, तर सरासरी अंतर बाराच राहतं आणि सरासरी थांबणं साडेआठ मिनिटांच्या वर जातं. कारण तुम्ही थांब्यावर पोचता ती वेळ लांबच्या खंडात सापडण्याची शक्यता जास्त असते. वेळापत्रकात यातलं काही कळत नाही. सकाळी आठ ते नऊ थांब्यावर उभं राहून प्रत्येक बसची वेळ फोनमध्ये टिपा, आणि ती बस थांबते का की भरलेली असल्यामुळे पुढे निघून जाते तेही लिहा. मधे गाडी बदलावी लागत असेल तर थांबणं दोनदा मोजा. एक बदल असलेला ४० मिनिटांचा प्रवास आणि थेट ५० मिनिटांचा प्रवास यांत आम्ही थेटवाला घेऊ. बसून जाता येत असेल तर डोळे झाकून घेऊ.

शक्य असेल तर तुमच्यापैकी एकानं शहरात जाऊन कामाचे पाच दिवस प्रत्यक्ष प्रवास करावा. पाच वेळांपैकी सगळ्यात वाईट सोडा आणि तिच्याखालची धरा. सरासरी काढू नका. उशीर झाला की शाळेच्या फाटकाशी मूल थांबलेलं असतं, त्याला सरासरीचा उपयोग नाही.

मेट्रोबद्दल आमचा नियम सरळ आहे : गाडी धावायला लागेपर्यंत ती हिशेबात धरायची नाही. घोषित तारखा पुढे जातात. दरम्यान काम चालू असलेल्या रस्त्याच्या दोन-दोन मार्गिका बंद राहतात, धूळ आणि रात्रीचं खोदकाम सुरू असतं, म्हणजे मेट्रोच्या नावावर तुम्ही जिथं राहायला जाता तिथलाच प्रवास काही वर्षं आणखी बिघडतो. शिवाय घराच्या किमतीत ती येणारी मेट्रो आधीच धरलेली असते. आणि जाहिरातीतलं ‘स्टेशनपासून ८०० मीटर’ हे अंतर पुष्कळदा नकाशावर सरळ रेघ ओढून काढलेलं असतं. मधे महामार्ग असेल आणि ओलांडायचा पूल अर्धा किलोमीटर पुढे असेल, तर ते चालत दीड-दोन किलोमीटर होतं.

सासूबाईंसाठी वस्ती वेगळ्या मापानं मोजावी लागेल. तुम्ही मिनिटाला साधारण ८० मीटर चालता. गुडघे दुखणारी सत्तरीची व्यक्ती ४५ ते ५० मीटर चालते. त्यामुळे ४०० मीटरवरचं औषधाचं दुकान तुम्हाला पाच मिनिटांवर आणि त्यांना आठ-नऊ मिनिटांवर आहे. तेही वाटेत कुठं टेकायला जागा असेल तर. घरापासून सगळ्या दिशांना ४०० मीटर चालून बघा आणि नोंद करा : बसायला बाक आहेत का, पदपथ सलग आहे का की दर वीस पावलांवर गाड्यांसाठी उतार काढून तोडलाय, कड किती उंच आहे. कड १५ सेंटीमीटरच्या आसपास असली तर जमतं, २० ते २५ झाली की दुखरा गुडघा दर वेळी तक्रार करतो आणि माणूस हळूहळू बाहेर पडणंच सोडतं.

रस्ता ओलांडण्याचं गणित तर फोनच्या घड्याळावर करता येतं. चार मार्गिकांचा रस्ता म्हणजे सुमारे १४ मीटर. तुम्ही तो ११ सेकंदांत ओलांडाल. सासूबाईंना १७-१८ सेकंद लागतील. सिग्नलवर पादचाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंद राहतो ते मोजा. १२ सेकंद असेल तर रस्त्यापलीकडची बाग, दवाखाना, दुकान हे सगळं त्यांच्या दृष्टीनं वस्तीत नाहीच. मुलीच्या बाबतीतही तेच. मोठा रस्ता न ओलांडता पोचता येईल अशी ३०० मीटरवरची साधी मोकळी जागा दूरच्या सुंदर उद्यानापेक्षा दहापट कामाची. तिथं आजी आणि नात दोघी तुमच्याशिवाय जाऊ शकतात, आणि रोज जातात.

जुन्या वस्तीत इथंच मोठी अडचण येईल : लिफ्ट. कित्येक जुन्या इमारतींना लिफ्ट नसते, किंवा एकच असते आणि ती महिन्यातून चार दिवस बंद. लिफ्ट नसेल तर ती इमारत सोडा, वस्ती सोडू नका. शेजारच्या गल्लीत दुसरी बघा किंवा तळमजला बघा. लिफ्ट असेल तर वीज गेल्यावर ती चालते का ते विचारा, आणि सुमारे दोन मीटर लांबीचं स्ट्रेचर तिच्यात किंवा निदान जिन्याच्या वळणावर मावेल का ते डोळ्यांनी बघा. रुग्णवाहिका गल्लीत दारापर्यंत येते का, की दोन्ही बाजूंच्या गाड्यांमुळे कोपऱ्यावरच थांबते? २४ तास चालणारं रुग्णालय गर्दीच्या वेळी २० मिनिटांच्या आत असावं, ही अट आम्ही ज्येष्ठांच्या घरासाठी पक्की धरतो.

एजंट घर दाखवतो दुपारी बारा ते चारमध्ये. तेव्हा उजेड भरपूर असतो, रस्ते मोकळे असतात आणि माणसं कामावर असतात. तुम्ही एजंटशिवाय त्याच जागी आणखी तीनदा जा : कामाच्या दिवशी सकाळी आठला, रात्री साडेदहाला आणि जोराचा पाऊस पडून गेल्यावर. रात्रीची फेरी तुम्ही स्वतः करा, पतींवर सोपवू नका. ज्या स्टेशनवर किंवा थांब्यावर तुम्ही उतरणार, तिथून घरापर्यंत चालत या. वाटेतले दिवे सुरू आहेत का एवढंच बघून थांबू नका. लांबच लांब कुंपणभिंत, बंद गोदाम, उड्डाणपुलाखालचा पट्टा असा किती भाग आहे ज्यावर एकही खिडकी किंवा दुकान उघडत नाही? उघडी दुकानं आणि रस्त्यावर बघणाऱ्या खिडक्या हीच रात्रीची खरी सुरक्षितता. आवाराच्या फाटकावर चार रखवालदार असले तरी ते आवाराच्या आतलं बघतात, स्टेशनपासूनचे सातशे मीटर बघत नाहीत. त्या वाटेनं चालताना तुमची पावलं आपोआप भरभर पडायला लागली, तर ते कागदावर लिहा. ती माहितीच आहे.

पावसानंतरच्या फेरीत इमारतींच्या तळाकडे बघा. भिंतींवर ओल्या रेषेचे डाग, गंजलेल्या पेट्या, दुकानांच्या उंबऱ्यावर घातलेला जादा विटांचा थर, तळघराच्या तोंडाशी वाळूच्या पिशव्या हे सगळं पाणी कुठवर येतं ते सांगतं. रस्त्यावर वरचेवर नवे थर टाकत गेल्यामुळे पुष्कळ जुन्या इमारतींचं आवार आता रस्त्यापेक्षा खाली गेलंय, म्हणून पहिल्या वस्तीत हे खास बघा. दुसऱ्या वस्तीसाठी उपग्रह नकाशावरची जुनी चित्रं उघडा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्या जागी तळं, ओढा किंवा पाणथळ दिसत असेल तर पाणी जुनी वाट विसरत नाही. घरमालकाला विचारण्यापेक्षा तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारा. त्याचा माल भिजलेला असतो.

आवाजाविषयी एक गैरसमज सगळीकडे आहे : वरचा मजला घेतला की शांतता. वाहत्या रस्त्यापासूनचं अंतर दुप्पट केलं तरी आवाज साधारण ३ डेसिबलच उतरतो, आणि कानाला निम्मा वाटायला १० डेसिबल उतरावा लागतो. उलट वरून रस्त्याचा जास्त भाग समोर उघडा असतो. फरक पडतो तो मधे इमारत आली की. म्हणून रस्त्याकडचा दहावा मजला आणि मागच्या अंगाची दुसऱ्या मजल्यावरची खोली यांत झोपण्यासाठी मागची निवडा. जागतिक आरोग्य संघटनेनं युरोपसाठी २०१८ साली दिलेल्या शिफारशीत रस्त्याच्या वाहतुकीचा रात्रीचा घराबाहेरचा सरासरी आवाज ४५ डेसिबलखाली असावा असं म्हटलंय. फोनवरचं ॲप अचूक नसतं, पण दोन घरांची तुलना करायला पुरतं. धुराचंही तसंच. वाहनांची काजळी आणि नायट्रोजन डायऑक्साइड मोठ्या रस्त्यापासून पहिल्या शे-दीडशे मीटरांत झपाट्यानं कमी होतात, म्हणजे त्याच वस्तीत आतल्या गल्लीत सरकलात तरी फायदा होतो.

दुसऱ्या वस्तीतल्या खिडकीतून जी हिरवी मोकळी जागा दिसते ती कुणाची आहे हे विचारलंत का? नव्या वसाहतीतला रिकामा भूखंड म्हणजे उद्याची इमारत, आणि तिच्या बांधकामाची दोन-तीन वर्षं तुमच्या खिडकीसमोर. नगररचना विभागाकडे विकास आराखडा बघायला मिळतो. त्यात आसपासच्या भूखंडांवर काय आरक्षण आहे, रस्ता किती रुंद होणार आहे, उड्डाणपूल कुठून जाणार आहे ते दिसतं. पाणी किती तास येतं आणि दाब किती असतो हे विचारत बसू नका. सकाळी सात ते आठमध्ये वरच्या मजल्यावरचा नळ उघडून दहा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा. दीड-दोन मिनिटांत भरली तर ठीक. चार मिनिटं लागली तर अंघोळीच्या वेळी रोज भांडणं.

शाळेत जागा पक्की झाल्याशिवाय घराच्या करारावर सही करू नका. बऱ्याच शाळा अंतर बघून प्रवेश देतात आणि जवळच्या शाळेत जागाच नसते, असं दोन्ही होतं. चालत दहा मिनिटांची शाळा मिळाली नाही आणि मुलीला दूर जावं लागलं तर आमची वरची सगळी बेरीज बदलते. मग ती नव्यानं करा.

वस्त्यांना गुण देऊन, गुणांना टक्केवारी लावून निवड करायचा सल्ला तुम्हाला पुष्कळ जण देतील. आमचा त्यावर भरवसा नाही. मनात आधीच ठरलेलं असतं आणि टक्केवारी तिकडं झुकेपर्यंत बदलली जाते. त्यापेक्षा घरातल्या प्रत्येकानं एकच गोष्ट सांगावी जिच्याशिवाय त्याचं चालणार नाही. सासूबाईंनाही विचारा, आणि बाकीच्यांचं बोलून होण्याआधी विचारा, नाहीतर त्या ‘तुम्हाला सोयीचं ते करा’ म्हणून मोकळ्या होतील. चारही गोष्टी ज्या वस्तीत मिळतात तीच यादीत राहील. पतींची गोष्ट जादा खोली असेल तर तिचं खरं कारण काढा. घरून काम करायला बंद दार हवं असेल तर ते लहान घरातही पार्टिशन घालून होतं. पाहुण्यांसाठी हवी असेल तर वर्षातले किती दिवस, ते मोजा.

पैशांची तुलना करताना भाड्याशेजारी चौघांचा महिन्याचा प्रवासखर्च, शाळेची बस, पार्किंग आणि देखभाल शुल्क लिहा. दुसऱ्या वस्तीत दुसरी गाडी लागणारच असेल तर तिचा हप्ता, विमा आणि इंधनही. दुसरी वस्ती वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. तुम्हा दोघांचं काम बहुतेक घरूनच होणार असतं, तर आम्ही तीच सुचवली असती. तुमचं ऑफिस आठवड्याला तीनऐवजी एकच दिवस झालं, तर तिसरी वस्ती पहिलीच्या पुढे जाते.

विकत घेण्याचा निर्णय शहरात एक वर्ष काढल्यावर घ्या. भाड्याच्या घरात चूक झाली तर सामान हलवण्याचा खर्च आणि थोडी दगदग होते. विकत घेतलेल्या घरात चूक झाली की नोंदणीचा खर्च, दलाली, कर्जाचे व्यवहार आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंतचे महिने, सगळं अंगावर येतं. एजंटच्या आठवड्याच्या मुदतीला घाबरू नका. त्याला सांगा : पहिल्या वस्तीत, मोठ्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, लिफ्ट असलेली किंवा तळमजल्याची, झोपायची खोली मागच्या अंगाला असलेली घरंच दाखव. इतकं नेमकं सांगितलं की तोही नको ती घरं दाखवण्यात वेळ घालवत नाही.

करार करताना घर सोडता न येण्याची मुदत तीन महिन्यांपेक्षा जास्त मान्य करू नका आणि त्यानंतर एक महिन्याच्या नोटिशीवर बाहेर पडता येईल असं लिहून घ्या. तोंडी कबुलीवर राहू नका. कराराची शेवटची तारीख शाळेचं वर्ष संपल्यावर महिनाभरानं येईल अशी ठेवा, म्हणजे वस्ती बदलायची ठरलीच तर मुलीची शाळा मधेच तुटणार नाही.